डावीकडचा अदमास

गुरुग्रामच्या ज्या काचेच्या इमारतीत मी नोकरी करते, तिथे दर थंडीत माणसं जोखायचा हंगाम येतो. जोखणं हा शब्द अर्थातच तिथे कुणी वापरत नाही. अप्रेजल म्हणतात. एकापासून पाचापर्यंत आकडा द्यायचा, आकड्यासोबत दोन गोड वाक्यं आणि एक कडू वाक्य लिहायचं, आणि ज्याला तीन मिळाले त्याला समोर बसवून सांगायचं की तीन हा फार चांगला आकडा आहे. तो मान हलवतो आणि घरी जाऊन जेवत नाही. तीन म्हणजे सुमार, हे कळायला त्याला मराठी यावं लागत नाही.

हे काम मी इतकी वर्षं करते आहे की माझ्या डोळ्यांना त्याची खोडच लागली आहे. कॅबवाला पहिल्या वळणावर वळला की मनात आकडा पडतो. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली, आकडा. मुलाच्या मित्राने वाकून नमस्कार केला, आकडा, आणि जरा जास्तच वाकला म्हणून अर्धा कमी. नवऱ्याचा आकडा मी कुणाला सांगत नाही. पण या जानेवारीत मला बाबांचा आकडा द्यायचा होता, आणि तेव्हा मात्र माझी झोप उडाली.

बाबा ऐंशीच्या घरात आहेत. आई गेल्यापासून पश्चिम दिल्लीतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. आपला भात आपण लावतात, आपले शर्ट आपण इस्त्री करतात आणि आपली गाडी आपण चालवतात. गाडी छोटी आहे, जुनी आहे, आणि गेल्या वर्षात तिची डावी बाजू बघवेनाशी झाली होती. आधी ती सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला घासली. मग डावीकडचा आरसा कुठेतरी तुटला. मग मागच्या दाराला पोचा आला. तो कशाने आला, याबद्दल बाबांनी ताकास तूर लागू दिली नाही.

दादा पुण्यात असतो. संक्रांतीच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

‘अगं, तू जवळ आहेस. एकदा त्यांच्या शेजारी नीट बसून बघ आणि काय ते सांग. ते गाडी चालवू शकतात की नाही, एवढंच.’

‘एवढंच म्हणजे?’

‘म्हणजे नसतील चालवू शकत, तर त्यांना तिथे एकटं ठेवण्यात काय अर्थ आहे? दवाखाना, बाजार, मंडळ, सगळीकडे ते गाडीनेच जातात. फ्लॅट बंद करू, इकडे आणू. मी खोली रिकामी करून ठेवलीये.’

‘मग तूच सांग ना त्यांना. सोनाराने कान टोचलेले बरे.’

‘सोनार तूच आहेस, बाई. तुझं रोजचं कामच आहे ते.’

म्हणजे माझ्या एका शब्दावर गाडीची किल्लीच नव्हे, बाबांची सगळी दिल्ली जाणार होती. मिसरूड फुटलेल्या वयात ते इथे सरकारी नोकरीला आले. जाड पोहे कुठल्या दुकानात मिळतात आणि कुठला पोस्टमास्तर सुट्टे देतो, हे त्यांना ठाऊक आहे. मंडळाच्या गणपतीत आरतीची पहिली ओळ उचलायला सगळे त्यांच्याकडे बघतात. पुण्यात ते पाहुणे झाले असते. आणि दादाच्या घरी पाहुण्याला इतकं जपतात की त्याला पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी फोनवरच दादावर चिडले. चिडण्यासारखं त्याने काही केलं नव्हतं.

आमच्या घरात अशा गोष्टी ठरवायची एक पद्धत होती, आणि ती बाबांचीच होती. बाबा वजनमापांच्या सरकारी खात्यात होते. दुकानातले तराजू, दुधाची मापं, पेट्रोलपंप, ट्रक तोलायचे धर्मकाटे तपासायचे आणि ठीक असेल त्यावर शिक्का मारायचा, नसेल ते नाकारायचं. असा माणूस घरात काट्यावर विश्वास ठेवील असं कुणालाही वाटेल. पण घरात मापाचा नंबर दुसरा. आधी अदमास, मग माप. कलिंगड आणलं की चिरायच्या आधी ते प्रत्येकाच्या हातात फिरायचं. ज्याने त्याने वजन सांगायचं, आणि मगच ते काट्यावर चढायचं. पडदे शिवायला द्यायचे तर आधी नुसतं बघून खिडकीची उंची सांगायची. दादा प्रत्येक वेळी जास्त सांगायचा. मी प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी सांगायचे.

‘हा तुझा अंदाज झाला,’ बाबा मला म्हणायचे. ‘अदमास नाही झाला.’

त्यांच्या मते हे दोन वेगळे शब्द होते. अंदाज डोळ्याने येतो, झटकन येतो. अदमासाला वस्तू हातात थोडा वेळ धरून ठेवावी लागते. शब्दकोशात असं काहीही दिलेलं नाही, मी मुद्दाम बघितलं आहे. पण बाबांचा शब्दकोश वेगळा होता. त्यात कयास करायचा तो पावसाचा आणि सरकारचा, कारण दोन्ही आपल्या हातात नाहीत. कस लावायचा तो सोन्याला. आणि पारख फक्त माणसाची, ती एका बैठकीत होत नाही. आईला हे सगळं ऐकून हसू यायचं. तिच्याकडे मिठापासून मुलीच्या लग्नापर्यंत एकच शब्द होता: बेताने. तेवढ्या एका शब्दावर तिने आयुष्यभर स्वयंपाक केला आणि कधी काही खारट झालं नाही.

माझ्या मुलापर्यंत यातलं जवळजवळ काही पोचलं नाही. तो दिल्लीत वाढला. एकदा आजोबांनी विचारलं, ‘सांग बघू, या पिशवीत बटाटे किती असतील? अदमास सांग.’ तर तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘आई, ये अदमास क्या होता है?’ मी म्हटलं, एस्टिमेट. ‘तो यार, एस्टिमेट बोलो ना,’ असं म्हणून त्याने फोनमध्ये परत डोकं घातलं. बाबांनी बटाटे मोजले नाहीत. तशीच पिशवी आत नेऊन ठेवली.

तर बाबांना जोखायचं कसं? अडचण अशी होती की पुरावे एकमेकांशी जुळत नव्हते. खांब, आरसा, पोचा हे सगळं मी नसताना झालेलं. दिवाळीपासून बाबांनी नवीनच टूम काढली होती. ‘दवाखान्यात जायचंय, येतेस बरोबर?’ ‘करोल बागेत जरा काम आहे, येतेस?’ मी गुरुग्रामहून कॅब करून, फोनवर एक मीटिंग उरकत, वैतागत पश्चिम दिल्लीला जायचे आणि त्यांच्या शेजारी बसायचे. आणि माझ्यासमोर त्यांच्या हातून एकदाही काही घडलं नव्हतं. म्हणजे मी आरडाओरडा करायचेच, ‘बाबा, डावीकडे स्कूटर’, ‘बाबा, डावीकडे गाय’. पण ते शांतपणे गाडी काढायचे. डिसेंबरात त्या गाडीची बॅटरी बसली. मी म्हटलं, थंडी. दादाला मी सांगितलं, शितावरून भाताची परीक्षा करायची तर शितं दोन प्रकारची निघतायत, मी काय करू? तो म्हणाला, ‘मोठ्या रस्त्यावर बघ. पानिपतला जाणारच आहेत ना ते?’

पानिपत आमच्याकडे दर संक्रांतीला असतं. दिल्लीतली पुष्कळ मराठी माणसं त्या दिवशी तिथल्या स्मारकावर जातात. मंडळाची बस असते, बसमध्ये गूळपोळ्या असतात, पोवाडे असतात, मागच्या सीटवर पत्ते असतात. बाबा बसने कधीच गेले नाहीत. ‘पानिपतावर काय बसने जायचं?’ म्हणतात. ‘जे गेले त्यांना परतीची बस नव्हती.’ ते आपली गाडी काढतात, स्टीलच्या डब्यात तिळगूळ घेतात, आणि स्मारकाच्या फाटकावरच्या हरियाणवी चौकीदारापासून सुरुवात करून दिसेल त्याला वाटतात. इतकी वर्षं मी टाळत आले होते. या वर्षी बाबांनी फोन करून विचारलं, ‘येतेस का पानिपतला?’ आणि मी लगेच हो म्हटलं. मला परीक्षा घ्यायची होती.

सकाळी त्यांच्याकडे पोचले तेव्हा सोसायटीतली झाडंसुद्धा दिसत नव्हती इतकं धुकं होतं.

‘बाबा, नंतर जाऊ. निवळू दे जरा.’

‘निवळतंय. चलो.’

‘चारला माझी मीटिंग आहे.’

‘म्हणूनच म्हणतो, चलो.’

मी डाव्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि मनाशी ठरवलं की आज अवाक्षर काढायचं नाही. परीक्षकाने बोलायचं नसतं. दिल्लीबाहेर पडतानाच्या मुकरबा चौकापर्यंत मी ते पाळलं. त्यानंतर रस्ता मोकळा झाला आणि धुकं दाट झालं. बॉनेटच्या पुढे कुणीतरी दुधाची पिशवी फोडावी तसं. बाबा पुढे झुकले नाहीत की पुटपुटले नाहीत. दोन्ही हात स्टीअरिंगवर, वेग कमी, पिवळे दिवे लावलेले. मनात मी आकडे टाकायला लागले. हात, चार. वेग, साडेचार. धीर, पाच. माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, तरी मी तो सारखा दाबत होते. गुडघा दुखायला लागला. फोन थरथरत होता. ऑफिसातल्या एका माणसाला तीन मिळाले होते आणि त्याला ते मान्य नव्हते. मी त्याला लिहिलं की नंतर बोलू. परत वर बघितलं, परत फोन बघितला. मला त्या गाडीत धड बसवतही नव्हतं आणि उतरायची सोयही नव्हती.

मग एक गोष्ट लक्षात आली. धुक्यात सगळे ड्रायव्हर रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून चालतात. दुसरा आधारच नसतो. बाबा उजवीकडे, दुभाजकाला चिकटून चालले होते. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत होता, त्याला पुढे जायचं होतं. बाबा जागचे हलेनात.

‘बाबा, जरा डावीकडे घ्या ना. रेघ आहे तिथे.’

‘इथे बरं आहे.’

बरं कसं आहे, हे विचारायच्या आत दुभाजक संपला. पुढे काम चाललं होतं म्हणून सगळी वाहनं डावीकडच्या कच्च्या वळणावर काढली होती. बाबांना डावीकडे जावंच लागलं. आणि तिथे उसाची ट्रॉली उभी होती. अर्धी रस्त्यावर, मागे दिवा नाही, ऊस बाहेर लोंबणारा. मला ती दिसली तेव्हा ऊस माझ्या काचेशी आला होता.

‘बाबा, डावीकडे!’

गाडी अलगद उजवीकडे सरकली. उसाची पानं काचेवरून खरखरत मागे गेली. कुणाला काही झालं नाही. बाबांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. पण मी त्यांच्याकडेच बघत होते, आणि मी बघितलं की त्यांनी मान वळवली नव्हती. डावीकडे ट्रॉली आहे हे बघायला त्यांचा डोळादेखील हलला नव्हता. त्यांनी फक्त माझा आवाज ऐकला होता.

थोड्या वेळाने मी तिळगुळाचा डबा उचलला आणि हळूहळू त्यांच्या डाव्या गालाजवळ नेला. इतका जवळ की कुणीही दचकला असता, निदान ‘काय गं?’ म्हणाला असता. बाबा समोर बघत गाडी चालवत राहिले.

‘मुरथलला थांबू,’ मी म्हणाले.

‘बिल्कुल. परोठे खाऊ.’

मुरथलच्या ढाब्यावर त्या थंडीतही लग्नघरासारखी गर्दी होती. आम्ही कडेचं टेबल धरलं. बाबांनी पोऱ्याला हिंदीत दोन परोठे सांगितले, लोणी वेगळं. मी मनात वाक्यं जुळवत होते. आधी दोन गोड, मग एक कडू. हजार वेळा केलेलं काम, पण जीभ उचलेना. शेवटी गोड राहिलंच, मी एकदम म्हणाले, ‘बाबा, आता गाडी बंद. इथून पुढे मी चालवते.’

‘अच्छा.’ त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘चूक किती आहे?’

‘काय?’

‘नापास करतेस तर चूक सांग. थोडी चूक प्रत्येक काट्यात असते, तेवढी आम्ही चालवून घ्यायचो. जास्त असेल तर किती जास्त? आणि एका बाजूला आहे की दोन्ही?’

मला रडू कोसळायच्या बेतात होतं आणि हे माझी तोंडी परीक्षा घेत होते. ‘एकाच बाजूला,’ मी म्हणाले. ‘डाव्या. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, बाबा.’

‘बरोबर,’ बाबा म्हणाले.

नुसतं बरोबर. पुढे मी काही विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी, सोसायटीच्या फाटकापाशी, एक सायकलवाला डावीकडून आला होता. मागच्या दाराचा पोचा त्याचा. त्याला खरचटलं, बाकी काही झालं नाही, तो शिव्या देऊन गेला. पण तो आपल्याला दिसलाच नव्हता हे बाबांच्या लक्षात आलं. घरी येऊन ते बैठकीच्या मधोमध उभे राहिले, नाकासमोर भिंतीवर नजर लावली आणि डावा हात कानामागून हळूहळू पुढे आणत गेले. कुठे दिसायला लागतो ते बघितलं. मग उजवा. मग परत डावा. दुसऱ्या दिवशी आपणच रिक्षा करून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचं. फ्रिजच्या दारात थेंबांची बाटली होती ती मी बघितलेली होती. मला वाटलं, दिल्लीच्या हवेने डोळे चुरचुरत असतील.

‘त्या दिवसानंतर मी एकट्याने गाडी काढलेली नाही,’ ते म्हणाले. ‘एकदासुद्धा नाही. म्हणून तर बॅटरी बसली.’

मी आकडा ठरवायला रात्री जागत होते, दादाशी भांडत होते, आणि निकाल या माणसाने स्वतःच तीन महिन्यांपूर्वी लावून टाकला होता. पण मग लगेच दुसरी गोष्ट डोक्यात शिरली आणि मी इतक्या जोरात बोलले की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले.

‘आणि मला? मला त्याच बाजूला बसवून हायवेवर आणलंत? या धुक्यात?’

‘तुला तिथेच बसवायला हवं होतं. तू ओरडतेस.’

‘आणि मी गप्प बसले असते तर?’

‘तू?’ बाबा म्हणाले, आणि चक्क हसले.

‘हसू नका. ट्रॉली होती तिथे. मला आज परीक्षा घ्यायची होती म्हणून मी बोलणार नव्हते, माहितीये? ठरवून बसले होते.’

त्यांचं हसू गेलं. हे त्यांनी हिशेबात धरलेलं नव्हतं. त्यांनी हात टेबलावर ठेवले. ‘आजचं चुकलं,’ ते म्हणाले. ‘धुक्यात निघायला नको होतं. इतरवेळी मी जवळपासच नेतो तुला. दिवसाउजेडी, हळू. पण तू पानिपतला हो म्हणालीस. तू कधी हो म्हणत नाहीस. मला वाटलं, आज नको म्हटलं तर परत म्हणणार नाही.’

‘पण का, बाबा? दिसत नाही हे कळल्यावर गाडी चालवायचीच कशाला? दवाखान्यात रिक्षाने जाता येत होतं. गेलाच होतात. मला बोलवायचं होतं तर घरी बोलवायचं.’

परोठे आले. बाबांनी माझ्या परोठ्यावर लोणी ठेवलं, लहानपणी ठेवायचे तसं मधोमध.

‘घरी तू येतेस की. आलीस तर बूट काढत नाहीस. सोफ्याच्या कडेला बसतेस. चहा झाला की लगेच उठतेस, आणि चहा होईपर्यंत फोनवर कॅब बघतेस. मी घड्याळाकडे बघत नाही, पण मला कळतं. गाडीत बसलीस की बसतेस. करोल बागेला जाऊन यायला अर्धा दिवस जातो. फोन चालू असतो तुझा, ओरडतेस, वैतागतेस. पण बसलेली असतेस.’

मला भयंकर राग आला. असं कुणी माझ्याबद्दल तोंडावर बोललं नव्हतं, आणि ते बोलणारा माणूस परोठा मोडत होता. मग डोळे भरून आले, आणि ते भरून आले म्हणून परत राग आला. काहीतरी बोलायला हवं होतं. ऑफिसचं काम, गुरुग्रामपासूनचं अंतर, मुलाची बारावी, सगळं खरं होतं, सगळं तयार होतं.

फोन वाजला. दादा. त्याला माहीत होतं आज पानिपत आहे.

‘काय मग? बघितलंस का? कशी चालवतात?’

‘नाही चालवू शकत,’ मी म्हणाले. ‘गाडी आजपासून बंद.’

‘मला वाटलंच होतं. मग मी तिकिटाचं बघू का त्यांच्या? महिनाअखेर—’

‘थांब रे. तिकीट वगैरे काही नको. नंतर बोलते.’ मी फोन पालथा ठेवला.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. दादाचा आवाज फोनच्या बाहेर येतो. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि आमच्या दोघांच्या मधे, लोणच्याच्या वाटीशेजारी ठेवली.

‘गाडी विकून टाक. माझी हरकत नाही,’ ते म्हणाले. ‘रिक्षा मिळते, खालचा दुकानदार सामान वर पाठवतो. मला एकटं राहता येतं. तेवढं मी तपासलंय. एकच सांग. गाडी गेल्यावर तू येशील का?’

बाहेर धुकं तसंच होतं. ट्रक रांगेने उभे होते, त्यांचे दिवे लागलेले होते. बाबा माझ्याकडे बघत होते, सरळ समोरून, जिथून त्यांना अजून सगळं नीट दिसतं.

‘येईन,’ मी म्हणाले.

‘बघू,’ बाबा म्हणाले, आणि किल्ली माझ्या बाजूला सरकवली.